चाळीस कप्प्यांचा पट्टा

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. माझ्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि कागदावर जे काही उतरायचं ते तहसीलचा अर्ज नाहीतर ख्यालीखुशालीचं कार्ड, तेही दुसऱ्याच्या हातानं. अशा घरातल्या माणसानं आपल्या आठवणी लोकांपुढं ठेवणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्यात विषय तरी काय, तर वसतिगृहातल्या पोरांचा एक खेळ. कागदावरची विमानं, आणि त्यांच्या बंदुकांत कोणत्या गोळ्या कोणत्या क्रमानं भरायच्या यावरून झालेली भांडणं. वाचणाऱ्याचा वेळ घेतोय, त्याबद्दल माफ करावं. पण त्या खेळात ज्याच्यावर मी सूड उगवायला निघालो होतो, त्याची माफी या लिखाणात नाही. ती कुणी शोधू नये.

आमच्या गावाहून परभणीच्या त्या वसतिगृहात आम्ही दोघंच होतो. तो आणि मी. आडनाव एक, भावकी एक, चार-पाच पिढ्या मागं गेलं तर घरही एकच. पण कालवा आला तो त्यांच्या रानातून गेला आणि आमचं रान माळावर राहिलं. त्यांच्याकडं पेरणीला पिशवीतलं संकरित बियाणं यायचं. आमच्याकडं दसरा झाला की आई आणि बाबा कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचे, ते पाडव्यानंतर परत यायचे. तो माझ्या आईला काकू म्हणायचा. लहानपणी आमच्या चुलीपुढं बसून त्यानं भाकरी खाल्लेली आहे. हे सांगतो ते एवढ्यासाठी की, त्यानं जे केलं ते परक्यानं केलेलं नव्हतं.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, तो बी.ए.च्या दुसऱ्या. पोस्टमन टपालाचा गठ्ठा दारात जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचा. थंडीच्या दिवसांत एकदा तो उभा होता आणि गठ्ठ्यात माझ्या आईचं कार्ड होतं. ते टोळीच्या मुकादमानं लिहिलेलं. मुकादम भला माणूस, पण लिहिताना आई बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचा, एक शब्द नीटनेटका करायचा नाही.

दुपारची पंगत बसली होती. तो मधोमध उभा राहिला, खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावरून घेतला आणि आईचा आवाज काढून वाचायला लागला.

"लेकरा, तू जेवायलास का न्हाई? हितं ऊस लय दाट हाय. तुझ्या बापाच्या पायात काटा मोडला व्हता, आता चालायलेत. मला सपान पडलं. तू बैलाच्या जागी गाडीला जुंपलेला, अन् जुंपल्या जागी पुस्तक वाचायलास. मी म्हनलं, आरं आधी वैरण तर खा. तवा जेवत जा."

पंगत लोळायची बाकी राहिली. वाढणाऱ्या आचाऱ्याच्या हातातली पळी हलायला लागली. त्यानं पुन्हा एकदा वाचलं, या वेळी 'वैरण तर खा'ला पदराचं टोक दातात धरून. मग कार्ड माझ्याकडं भिरकावलं. त्याची एक बाजू वरणात बुडाली. मी ती सदऱ्यानं पुसली.

खरं सांगायचं तर मीही हसलो. सगळे हसत होते आणि माझा चेहरा आपोआप तसा झाला. ते हसणं मी स्वतःला माफ केलेलं नाही, तर त्याला कुठून करू?

त्यानंतर मी ताटावर बसलो की कुणीतरी हमखास म्हणायचं, "ए, वैरण टाका रे ह्याला." माझं नाव गेलं आणि बैल हे नाव पडलं. मी भांडलो नाही. मला भांडता येत नाही, आवाज चिरकतो. पण मनात पक्कं ठरवलं होतं की याचे दात याच्याच घशात घालायचे. कसे, ते माहीत नव्हतं.

ते खेळातून सापडलं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. कॉलेज आठ दिवस चालायचं आणि पंधरा दिवस बंद राहायचं. एस.टी. थांबली की गावी जाता यायचं नाही. कॉलेजच्या भिंतीवर दोन्ही बाजूंच्या घोषणा, एकावर एक रंगवलेल्या. जेवतानाही मुलं आपापल्या गटानं बसू लागली होती. मी कुठंच काही बोललो नाही, मी भीत होतो. कॉलेज बंद आणि वसतिगृह भरलेलं, अशा दिवसांत वसतिगृहाच्याच ग्रंथालयातल्या शिपाईकाकांनी हा खेळ काढला. पोरांचे हात गुंतून राहावेत म्हणून काढला असावा. या एका टेबलाभोवती मात्र सगळे गट एकत्र यायचे.

काका झरीकडचे. वीस वर्षं विमानदळात होते, पण विमान उडवलं नाही. जुन्या विमानांच्या बंदुकांना गोळ्यांचे पट्टे भरायचं त्यांचं काम. ते सांगायचे, "फोटू उडवणाऱ्याचा निघतो. पट्टा भरणाऱ्याला कोन इचारतंय? पन वर गेल्यावर जगायचं का मरायचं, त्ये खालीच पट्ट्यात ठरलेलं असतंय."

आम्हाला वाटायचं गोळी म्हणजे गोळी. काकांनी सांगितलं की एका पट्ट्यात चार जातीच्या गोळ्या असतात. साधी, जी लागेल तिथं भोक पाडते. पोलादी, जी इंजिनाचा पत्रा फोडून आत जाते. आगीची, जी तेलाच्या टाकीला लागली की भडका. आणि चौथी ट्रेसर, मागून जळत जाणारी, जिच्या उजेडावरून आपला नेम कुठं चाललाय ते दिसतं.

"मग सगळ्याच ट्रेसर भरायच्या की," कुणीतरी म्हणालं.

"भर की. तुला त्याची दिशा दिसते तशी त्याला तुझीबी दिसतीय. अन् जळत जळत ती हलकी व्हती. लांबवर ती जाईल तिथं बाकीच्या जातीलच असं न्हाई. तिच्यावर लय इस्वास ठेवणारे फसलेले हायत."

गोळ्यांच्या जागी आम्ही दाणे घेतले. साधी म्हणजे ज्वारी, पोलादी म्हणजे हरभरा, आगीची म्हणजे करडई, कारण तिच्यात तेल. ट्रेसर म्हणजे लाल गुंज. वर्तमानपत्राच्या दोन लांब पट्ट्या घ्यायच्या, मध्ये एकेक दाणा ठेवायचा आणि दोन दाण्यांमध्ये खळ लावून चिकटवायचं. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट असतं तसा चाळीस कप्प्यांचा पट्टा तयार व्हायचा. गोळी झाडायची म्हणजे पुढचा कप्पा फाडायचा. कुठला दाणा कुठं आहे, ते भरणाऱ्यालाच माहीत.

विमानं काड्यापेटीची, आकाश म्हणजे पुठ्ठ्यावर डकवलेला आलेखाचा कागद. फासा टाकून नेम. जवळून तीन किंवा वर पडले तर गोळी बसली, लांबून मारायचं तर सहाच पडायला पाहिजे. समोरचा टप्प्यात आला की गोळी झाडावीच लागायची, राखून ठेवता यायची नाही. हा काकांचा नियम. ते म्हणायचे, "भ्यालेला मानूस बोट आवरत न्हाई." पोलादी तीन बसल्या की इंजिन बंद, आगीच्या तीन बसल्या की टाकी पेटली, साध्या मात्र दहा लागायच्या. गुंज निघाली तर पुढचा फासा दोनदा टाकता यायचा, पण समोरच्यालाही एक घर जादा सरकता यायचं.

एवढ्यावरून महिनाभर वाद चालले. पूर्णेच्या एका रेल्वेवाल्याचा मुलगा मालगाडीचे डबे जोडावेत तसा ठरावीक क्रमानं पट्टा भरायचा, आणि तो क्रम आठवड्यात सगळ्यांना पाठ झाला. जिंतूरचा एक नुसती करडई भरायचा. "लागली तर दिवाळी," म्हणायचा आणि हरायचा. पण सगळ्यांत जास्त जिंकायचा तो. माझा भाऊबंद. त्याची रीत अशी की पट्ट्याच्या तोंडाशी करडई, मध्ये कुठंतरी हरभरा, बाकी ज्वारी आणि शेवटी गुंजा. गुंज निघायला लागली की पट्टा संपत आला हे त्याला कळायचं. काकांनी त्याला एकदा सांगितलं होतं, "तुला कळतंय तसं समोरच्यालाबी कळतंय की आता तू रिकामा हायस." तो म्हणाला होता, "तवर समोरचा ऱ्हातोय कुठं, काका?"

मी दोन-तीन आठवडे खेळलो नाही, नुसता बघत बसलो. त्याचा प्रत्येक डाव वहीत उतरवला. माझ्या भौतिकशास्त्राच्या वहीत प्रयोग कमी आणि त्याचे डाव जास्त होते. झोपताना डोळे मिटले की तो आमच्या अंगणात मातीत बसलेला दिसायचा. खुर्ची नाही, पोतं नाही, माती. आजूबाजूच्या बायका बघताहेत आणि तो माझ्या आईपुढं मान खाली घालून बोलतोय. हे चित्र मला इतकं गोड वाटायचं की झोप लागायची.

एका शनिवारी सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर गाठलं.

"उद्या माझ्यासंगं खेळ. पण नुसतं न्हाई. पैज लावून."

"बैलानं शिंगं उगारली की रे," तो म्हणाला. "बोल, काय पैज?"

"तू हरलास तर पाडव्यानंतर आमच्या घरी जायचं. अंगणात भुईवर बसायचं. ते कार्ड आईला वाचून दाखवायचं आणि इथं मेसमध्ये वाचलं होतंस ते तिला सांगायचं."

हसू थांबलं.

"अन् तू हरलास तर?"

याचा विचार मी केला नव्हता. तो त्यानंच केला.

"तू हरलास तर काकूचं कार्ड येईल तवा तूच पंगतीत उभा ऱ्हायचंस. तिच्याच आवाजात वाचायचं. वर्ष संपेस्तोवर."

"कबूल," मी म्हणालो. आवाज चिरकलाच.

दुपारी पट्टे भरायला बसलो. बाकी सगळे मेसमधली ज्वारी घ्यायचे. त्यानं मात्र पेटीतून कापडी पुरचुंडी काढली. "मेसची किडकी ज्वारी मी भरत न्हाई. आमची पेरणीची हाय, दाणा बघा कसा टपोरा." दाणा खरंच टपोरा होता, आणि पेरणीच्या बियाण्याला औषध लावतात तसा गुलाबी. काका म्हणाले, "त्याला इष असतंय. हात धुऊन मग जेव." तो हो म्हणाला. त्याची खळ पातळ झाली होती. कप्पे सुटू नयेत म्हणून त्यानं ती दोनदा थापली. दोघांचे पट्टे रात्रभर काकांच्या खोलीत दोरीवर वाळत राहिले.

रविवारी जेवणं झाल्यावर काकांनी पट्टे आणून टेबलावर दोन बाजूंना ठेवले. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, उजेडाकडं धरायचा नाही, असा नियम होता. मी माझ्या जागेवर बसलो आणि सहज समोर बघितलं.

त्याच्या पट्ट्यावर ठिपके होते. अंगावर पुरळ उठावं तसे, फिके गुलाबी, कागदाच्या आतून वर आलेले. पातळ खळीनं बियाण्याचा रंग सोडवला होता. ज्या कप्प्यात ज्वारी त्या कप्प्यावर ठिपका, ज्या कप्प्यात दुसरं काही तो कोरा. त्याला ते ठिपके दिसले नसावेत. त्याच्या डोळ्यांवर समोरच्या खिडकीचा उजेड येत होता, पट्ट्याचा कागद मजकुरानं काळा होता, आणि तो माझ्याकडं बघून हसत होता, पट्ट्याकडं नाही.

मी मोजलं. पहिले नऊ कोरे. मग बारा ठिपके. मग सहा कोरे. मग आठ ठिपके. शेवटचे पाच कोरे. त्याची रीत माझ्या वहीत होतीच. पहिले नऊ करडई, मधले सहा हरभरा, शेवटचे पाच गुंजा. सगळा पट्टा माझ्यापुढं उघडा पडला होता.

सांगायला हवं होतं. एवढं म्हटलं असतं की काका, याचा पट्टा दिसतोय, तर त्यांनी दुसरा भरायला लावला असता. माझी जीभ हललीसुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी "वैरण खाऊन आलास का रे?" म्हणालं, आणि तो हसला. मी जीभ आत घेतली. हात लावला नव्हता, उजेडाकडं धरला नव्हता. दिसत होतं ते बघितलं. तेव्हा मी स्वतःला हेच सांगितलं. आज तेवढ्या खात्रीनं सांगवत नाही.

डाव सुरू झाला. मी टप्प्याच्या कडेकडेनं फिरत राहिलो. त्याला झाडायला तर लागायचं, पण सहा पडल्याशिवाय लागायची नाही. एकामागून एक त्याच्या करडया वाया चालल्या.

"पळायलाय रे बैल!"

"अरे, लढ की!"

मी मनात मोजत होतो. नऊपैकी एकच टाकीला बसली. नववा कप्पा फाटला आणि मी वळून सरळ त्याच्या अंगावर गेलो. आता त्याच्याकडं नुसती ज्वारी होती. त्यानं मला पाच बसवल्या, मी त्याच्या इंजिनाला पोलादी दोन बसवल्या. आणखी एक बसली की संपलं. पोरं उठून उभी राहिली. पण त्याचा एकविसावा कप्पा फाटला होता आणि पुढं सहा हरभरे होते. मी मान वळवून लांब निघून गेलो.

कुणालाच कळेना. हाता-तोंडाशी आलेला घास टाकून कुणी जातं का? "भ्यालं," एक जण म्हणाला. "गोठ्याकडं चाललंय."

लांबून त्याचे सहा हरभरे गेले, एक बसला. तो आता हसत नव्हता. सत्ताविसावा कप्पा फाटला तसा मी पुन्हा आत आलो. त्यानं फासा टाकायचा थांबवला.

"तुला कसं कळायलंय रे?"

"काय?"

"मी काय भरलंय ते."

"नशीब," मी म्हणालो. माझी नजर टेबलावरून हलली नाही. पट्ट्यावर जाऊ नये म्हणून मी ती माझ्या विमानावर रोवून ठेवली होती.

त्यानं दोन ज्वाऱ्या बसवल्या, सात झाल्या. मग मी फासा टाकला. चार. कप्पा फाडला, हरभरा. काकांनी दाणा उचलून सगळ्यांना दाखवला.

"इंजिन बंद."

गलका झाला. कुणीतरी माझ्या पाठीवर थापा मारत होतं, आणि माझं लक्ष फक्त त्याच्या तोंडाकडं होतं. मला तिथं जे बघायचं होतं ते पूर्ण दिसलं नाही. तो एवढंच म्हणाला, "जाईन. जातो म्हणलं म्हणजे जातो." त्यानं उरलेला पट्टा न फाडता तिथंच टाकला. मी वरणाचा डाग पडलेलं कार्ड खिशातून काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वहीत ठेवलं.

पोरं पांगल्यावर काका टेबल आवरू लागले. त्याचा उरलेला पट्टा त्यांनी उचलला, उलटा केला, अंगठा फिरवला. अंगठा गुलाबी झाला.

"कवापास्नं दिसायलं होतं तुला?"

"बसल्यापासून," मी म्हणालो.

पट्टा त्यांनी मोरीपाशी ठेवला आणि साबणानं दोनदा हात धुतले. मलाही साबण दिला. माझ्या हाताला तर काही लागलं नव्हतं, तरी मी धुतले. त्यानंतर काकांनी माझ्या डावाला पंच म्हणून बसायचं टाळलं, एवढं मात्र लक्षात आलं.

मेसमध्ये बैल म्हणणं कमी झालं, पण माझं समाधान झालं नाही. मला अंगणातली माती हवी होती. पाडवा झाला. टोळ्या परतल्याची बातमी आली. त्याचे पेपर आधी संपले आणि तो वळकटी घेऊन गावी गेला. माझे प्रयोग राहिले होते, पंधरा दिवस तरी हलता येणार नव्हतं. जाताना मी त्याला गाठून विचारलं, "लक्षात आहे ना?" तो म्हणाला, "तुझ्यावानी वहीत लिहून ठेवायची गरज न्हाई मला."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रयोगशाळेत काच गरम करताना डोळ्यांपुढं तोच. आज गेला असेल. आज आईला कळलं असेल की याच पोरानं आपल्या शब्दांवर अख्खी पंगत हसवली. आई चिडली की आवाज चढवत नाही, नुसती बघते. ते बघणं त्याच्या वाट्याला यावं, असं मी अक्षरशः देवाला सांगत होतो. दुसरी भीतीही होती, की तो जाणारच नाही आणि मला कधी कळणारही नाही. गावाकडचा कुणी दिसला की विचारायचो, पण कसं विचारणार? आमच्या घरी कुणी आलतं का? लोक म्हणायचे, आलं असंल की, घर हाय.

शेवटी मामा आले. मोटारीचा पंप दुरुस्त करायला परभणीला आले होते, आईनं त्यांच्याजवळ भाकरी आणि ठेचा दिला होता. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून त्यांनी पागोट्यानं तोंड पुसलं, पाणी मागितलं, पंपवाल्याला शिव्या दिल्या. मी उभाच होतो.

"मामा, घरी कुणी आलतं का?"

"कोन? तुझा त्यो दोस्त व्हय? आलता की. कवाच."

"भुईवर बसला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "आँ? भुईवर न्हाई तर काय झाडावर बसंल? आक्कानं पोतं टाकलं तरी बसला न्हाई पोत्यावर. म्हनला, हितंच बरंय."

"मग?"

"मग काय, तुझं कार्ड काढलं अन् वाचलं. आक्कावानीच आवाज काढला की बेट्यानं! पदरबिदर घेऊन. आमी समदे व्हतो, शेजारच्या दोघी-तिघी व्हत्या. आक्का तर अशी हसली, डोळ्याला पानी. म्हनली, आगं बया, मी अशीच बोलते व्हय? तीनदा वाचून घेतलं."

"आणि मेसमध्ये वाचलेलं सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं की. म्हनला, काकू, मेसमधी समद्या पोरांपुढं वाचलं, सारे लय हसले. तोंड बारीक करून सांगितलं बिचाऱ्यानं. आक्का म्हनली, आरं हसतील न्हाई तर काय, हसायसारखंच हाय ते. मग जेवायला बसवलं. आता तर रोजच येतो, दाजींच्या पायाला तेल लावून देतो."

"आई माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"तुझ्याबद्दल?" मामांनी आठवून बघितलं. "हां. म्हनली, माझं लेकरू घरी कुनाचंबी कार्ड वाचतंय त्ये मास्तरावानी, मानूस बोलल्यावानी वाटतच न्हाई. म्हनून तिनं ठरिवलंय. पुढच्या साली टोळीवर गेल्यावर कार्ड त्याच्याच नावानं टाकणार. त्यानं वाचायचं अन् तुला ऐकवायचं."